बसस्थानक कसं जोखावं?



1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून प्रवासी वाढले आणि बदललेही. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. म्हणून शहरातलं बसस्थानक तपासताना आधी विचारावं, की आजीबाईंना आणि तान्ह्या बाळाच्या आईला ते सोयीचं आहे का?

बाकडी पुरेशी आहेत का? फलाटावर चढायला उतार आहे का? बाळाला दूध पाजण्यासाठीचा हिरकणी कक्ष उघडा असतो, की कुलूपबंद? पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह सकाळी पाहून भागत नाही. रात्रीची शेवटची गाडी सुटेपर्यंत ती वापरण्याजोगी राहायला हवीत.

सोयींइतकंच महत्त्व वाहतुकीच्या शिस्तीला आहे. वाहतूक नियंत्रकाकडची नोंद आणि वेळापत्रक शेजारी ठेवा. गाडी नेमकी किती उशिरा सुटली, हे कळतं. गाडी लागण्याआधी फलाट क्रमांकाची घोषणा झाली, तर धावपळ टळते. गाडी मागे घेण्याची जागा आणि पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी असेल, तर अपघात टळतात.

ही पाहणी गर्दीच्या वेळी करावी, सणाच्या आदल्या दिवशी तर जरूर. त्रुटी दिसली, तर स्थानकप्रमुखांकडे तक्रारवही मागा आणि तारीख, वेळ, फलाट क्रमांकासह नोंद करा. नेमकी तक्रार टाळणं अवघड असतं.