वर्धा खोऱ्यातील कोळसा

वर्धा नदी बैतुल जिल्ह्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून दक्षिणेकडे वाहत जाते. कोळसाक्षेत्राला नाव या नदीचे असले, तरी खाणी जवळजवळ सगळ्या जिल्ह्याच्या खालच्या अंगाला, वरोरा, माजरी, वणी, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात आहेत. वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली झाकलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचे हे थर. कपाशीची काळी जमीन त्यांच्याच झिजेतून झाली. दक्षिणेकडे हे आच्छादन संपते आणि त्याखालचे कितीतरी जुने गोंडवन थर उघडे पडतात.

त्यांत सर्वांत खाली तालचीर थर आहेत, ते हिमनद्यांच्या काळातले. पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकावर हिमनदीबरोबर घासत गेलेल्या दगडांचे ओरखडे सापडले. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखात एके काळी बर्फ सरकत होता, याचा याहून बोलका पुरावा नाही. बर्फ वितळल्यावर खोलगट खोऱ्यात दलदली झाल्या. ग्लोसोप्टेरिस जातीच्या वनस्पती तिथे वाढल्या, पडल्या, गाळाखाली दबल्या. त्यांचाच कोळसा झाला. तो बाराकार थरांत आहे आणि त्यावर कामठीचे वालुकाश्म आहेत. इथे मुख्य थर एकच; पण तो काही ठिकाणी १५ ते २० मीटर जाड भरतो. या कोळशात ओलावा जास्त असतो. त्याचा कोक होत नाही, आणि हवा लागली की तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. म्हणून भूमिगत खाणीत कोळसा काढल्यावर उरलेल्या पोकळीत नदीची वाळू पाण्याबरोबर सोडून ती भरून काढतात.

सरकारने १८७१ साली वरोऱ्याला खाण सुरू केली. तिच्यासाठीच वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. हिंगणघाटच्या कापसालाही तो लाभला. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे थिओडोर ह्यूज यांनी या क्षेत्राचा सविस्तर अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली आणि कामाचा भर बल्लारपूरकडे गेला. पलीकडचा राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे नदीच्या दोन काठांवरचा एकच कोळसा दोन राज्यांत वाटला गेला होता. १९२९ मध्ये बल्हारशाह-काझीपेठ मार्ग पूर्ण झाला आणि वर्ध्याची ही कोळशाची शाखा दिल्ली-मद्रास मुख्य लोहमार्गाचा भाग बनली. मूळ खाण तोवर कधीच संपली होती. मार्ग मात्र तिच्यामुळेच पडला होता.

१९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. १९७५ पासून त्यांचा कारभार वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीकडे आहे आणि तो नागपूरहून चालतो. जाड थर फार खोल नसेल तिथे आता खुल्या खाणी आहेत. वरची माती आणि वालुकाश्म उपसून बाजूला रचतात. सपाट शेतांमधून उठलेल्या या टेकड्या दुरूनच दिसतात. इथल्या कोळशाचा मोठा भाग औष्णिक वीज केंद्रांत जळतो, आणि त्यांतले एक मोठे, चंद्रपूरचे केंद्र याच क्षेत्राच्या उशाशी आहे.