स्टेशनरीच्या खोलीतला महिनाअखेर



मी बंगळुरूत एका कंपनीच्या ऑफिसची व्यवस्था बघतो. खुर्च्या, एसी, चहाचं मशीन, सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. आज सांगतोय ती तक्रार मात्र कुणी केलीच नव्हती.

एका महिनाअखेरीला प्रिंटरचा कागद संपला म्हणून स्टेशनरीच्या खोलीत गेलो. आत आमच्या हिशेब विभागातल्या ताई कागदाच्या खोक्यावर बसलेल्या, मांडीवर लॅपटॉप. दचकल्या. म्हणाल्या, "सर, बाहेर पगाराचे आकडे दोनदा चुकले. इथे निदान बेरीज जुळते."

मला लागलं ते, कारण तो हॉल मीच करून घेतला होता. पार्टिशनं काढली, फॉल्स सीलिंग उतरवून पाइप उघडे ठेवले, एका बाजूला काच, खाली चकचकीत फरशी. फोटो झकास आले होते. आवाज शोषून घेईल असं काहीच उरलं नव्हतं.

मग मी 'हळू बोला' अशा पाट्या लावल्या. एसी घरघरायचा, तोही दुरुस्त केला. हॉल शांत झाला आणि कुरबुरी वाढल्या!

शेवटी ध्वनिशास्त्राचे एक सल्लागार बोलावले. ते म्हणाले, आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्यातले शब्द किती कळतात ते बघा. वाचता-लिहिताना कळणारा शब्द लक्ष ओढून नेतो. एसीची घरघर तेच शब्द झाकत होती, आणि ती मी घालवली होती. खुल्या ऑफिसांसाठी आयएसओ 3382-3 हे मानक आहे. बोलण्याच्या स्पष्टतेला 0 ते 1 असा अंक देतात. बोलणाऱ्यापासून किती दूर गेल्यावर तो 0.50 च्या खाली येतो, ते अंतर मोजायचं. 5 मीटरच्या आत असेल तर उत्तम, 10 च्या पुढे गेलं तर वाईट. आमचं 13 निघालं. म्हणजे फोन एकाचा आणि श्रोते चार रांगा.

काम छतापासून सुरू केलं. नुसती पॅनलं उभी केली तर आवाज छतावर आपटून पलीकडे उतरतोच. म्हणून आधी वर ध्वनिशोषक पट्ट्या टांगल्या, मग टेबलांमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जातील इतकी उंच कापडी पॅनलं. फोनसाठी दोन बंद खोल्या केल्या. सेल्सची मंडळी दुसऱ्या टोकाला नेली. शिवाय छतातल्या स्पीकरमधून हलकी, एकसारखी सरसर सोडली, साधारण 40 ते 45 डेसिबल. हे साहेबांना पटवताना घाम फुटला. "आवाज घालवायला पैसे मागतोस आणि आवाजच विकत आणतोस?" (कुंड्या ठेवा, असंही बरेच जण सुचवतात. जरूर ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. कानांना फारसा फरक पडत नाही.)

सगळं झाल्यावर ताईंना विचारलं, जास्त त्रास कोणाचा व्हायचा? त्या जरा घुटमळल्या.

"कन्नड, तमिळ फोन चालायचे हो. तुमचे पुण्याचे फोन मराठीत असायचे ना!"

पुण्याच्या फर्निचरवाल्याशी मी रोज टेबलापाशी उभा राहून, फोन स्पीकरवर टाकून हुज्जत घालायचो. पाट्या लावत होतो त्या दिवसांतसुद्धा.

आता पुण्याचा फोन आला की खोलीत जाऊन दार लावतो. ताई महिनाअखेरीचे दोन दिवस घरूनच काम करतात. त्या अर्जावर मी लगेच सही करतो.