भाडं आजचं असतं



पत्रिकेत विषय छापलाय, ‘भाड्याने देण्यासाठी घर : जागेची निवड’. माझं उत्तर सोपं आहे. हॉस्पिटलजवळ घ्या. संपलं व्याख्यान! (हशा) पण आयोजकांनी तासभर दिलाय, तेव्हा कारणं सांगतो.

मुदत ठेवीचे दर मी पुणेकरांना काय शिकवणार? ते सोडून देऊ. साधा हिशेब धरा. साठ लाखांचं घर, पंधरा हजार भाडं. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे तीन टक्के. दोन महिने घर रिकामं राहिलं की अडीच. वर मेंटेनन्स महिन्याला अडीच हजार धरला की उरले दोन. तेव्हा भाडं किती मिळेल, यापेक्षा घर रिकामं किती राहील हे आधी विचारा.

आपण मात्र नकाशा बघतो. ‘इथून मेट्रो जाणार!’ वनाझहून प्रवाशांना घेऊन पहिली मेट्रो सुटली ६ मार्च २०२२ ला. रामवाडीपर्यंत पोचायला २०२४ उजाडलं. तोवर ‘मेट्रोलगत’ म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्याला भाडेकरूने एक रुपया जास्त दिला असेल का? घराची किंमत उद्याची असते, भाडं आजचं असतं. तोच प्रकार डीपी रोडचा, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्याचा. कागदावरच्या रस्त्यावरून भाडेकरूची स्कूटर जात नाही.

‘मग हिंजवडी?’ कोणीतरी मागून विचारतंय. २०२० चं लॉकडाऊन आठवा. तिथली आयटीतली मंडळी लॅपटॉप घेऊन गावी गेली. विद्यार्थीही गेले. ससून हॉस्पिटलच्या परिचारिका कुठे गेल्या? कामावर!

आता माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गोष्ट. रास्ता पेठेत, केईएम हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. इमारत जुनी, लिफ्ट नाही, पार्किंगच्या नावाने शंख. तिथे दोन नर्स राहतात. एक सोडून निघाली की जाताना स्वतःच दुसरीला आणून देते. जाहिरात नाही, दलाली नाही. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, ‘रात्री साडेनऊला मुलींची ये-जा चालते.’ गृहस्थ म्हणाले, ‘ये-जा कसली? रात्रपाळीला जातात!’ (हशा) तरी मीटिंग झाली. ‘फक्त फॅमिलीला’ असा ठराव आला. दीड तास खल! कोणी संस्कृतीवर बोललं, कोणी पाण्याच्या टाकीवर. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘त्या मुली माझं बीपी बघून जातात. तुमच्यापैकी कोण बघतं?’ ठराव बारगळला. (टाळ्या)

पहिल्या रांगेतले काका नाराज दिसताहेत. काका, मी तुमच्या सोसायटीचं नाव घेतलेलं नाही! पण एक सांगतो. हॉस्पिटल समोर असूनही कमिटी एकट्या मुलीला जागा देऊ देत नसेल, तर ते घर भाड्यासाठी हिंजवडीच्याही पलीकडे आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं… दोनच? बरं. पाणी मे महिन्यात जाऊन बघा, टँकर येतो का ते वॉचमनला विचारा. नदीकाठचं घर भर पावसाळ्यात बघा. जुलै २०२४ च्या पुरात एकतानगरीचं काय झालं ते आठवा. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा गैरसमज इथेच ठेवून जा. आपल्या राज्यात करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. आयकर राहिला, तो अध्यक्ष सांगतील. ते सीए आहेत.