भर उन्हातली नवरी आणि आपल्या हातातला फ्लॅश

(सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा येथे छायाचित्रण शिकणाऱ्या स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



लग्नाचे फोटो हा काय चळवळीचा विषय झाला, असे कुणी विचारेल. जरा मांडवात बघा. रांधणे, वाढणे, भांडी, रुखवत हे सगळे बायकांकडे आणि त्याचे पैसे नाहीत. बँड, मांडव, लाइट, कॅमेरा ही पैशाची कामे पुरुषांकडे. यंत्र बाईला जमत नाही, हे त्याचे कारण सांगितले जाते. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईत हे काम सुरू केले. आजच्यापेक्षा कितीतरी जड कॅमेरे आणि दर वेळी बदलावे लागणारे फ्लॅशचे बल्ब घेऊन त्या फिरल्या. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. तेव्हा जमण्या-न जमण्याचा प्रश्न जुना झाला. आता कामाचे बोलू.

आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत आणि मुहूर्त बरेचदा भर दुपारचा. सोनाळा 21 अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायाखाली जाते. अशा उन्हात नवरीचा फोटो काढला की कपाळ आणि नाक पांढरे फटक, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. डोक्यावरच्या पदराची सावली वेगळीच. आपल्या डोळ्याला ऊन आणि सावली दोन्ही एकदम दिसतात, कॅमेऱ्याला तेवढा फरक पेलत नाही. म्हणून फ्लॅश रात्रीपेक्षाही दुपारी जास्त गरजेचा.

क्रम असा ठेवा. नवरीची पाठ सूर्याकडे करा. चेहरा सावलीत आला, आता ती डोळे मिचकावणार नाही. मग मागच्या उजेडासाठी कॅमेरा लावा: आयएसओ 100, शटर 1/200, अपर्चर एफ 11 च्या जवळपास. फोटो काढून बघा. मागचे शेत, मांडव नीट दिसेल आणि चेहरा काळा येईल. तो चेहरा फ्लॅशने उजळायचा. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवला तर समोरून सपाट प्रकाश पडतो, चेहऱ्याची ठेवण हरवते. तो काढून सोबतच्या बाईच्या हातात काठीवर द्या. नवरीच्या एका बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर. कॅमेऱ्यावरच्या छोट्या ट्रिगरने तो पेटतो.

अंतर महत्त्वाचे. फ्लॅश निम्म्या अंतरावर आणला की प्रकाश चौपट होतो. गाइड नंबर 36 चा फ्लॅश असेल तर 36 भागिले 11, म्हणजे पूर्ण ताकदीवर साधारण सव्वातीन मीटरपर्यंत पुरेल. छत्री लावली तर प्रकाश मऊ पडतो, पण बराच खर्ची पडतो. मग दीड मीटरच्या आत या. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून स्टँडच्या भरवशावर राहू नका, माणूस हवे.

शटर 1/1000 केले तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर काळा पट्टा येतो, कारण फ्लॅश पेटतो तेव्हा शटर पूर्ण उघडलेले नसते. हाय-स्पीड सिंक असेल तर पट्टा टळतो, पण फ्लॅशची ताकद घटते. फ्लॅशच नसेल तर कडुनिंबाच्या सावलीच्या काठावर नवरीला उभे करा आणि समोर पांढरे धोतर ताणून धरा. रंगीत मांडवाखाली मात्र सांभाळा, कापडाचा गुलाबी-हिरवा रंग चेहऱ्यावर उतरतो.

आता मुख्य मुद्दा. हा प्रकाश कशासाठी? बाजारात तो नवरी गोरी करण्यासाठी वापरतात. फ्लॅश जास्त मारायचा, उरलेले संगणकावर उजळायचे. हा रोग आपल्यापुरता नाही. कोडॅकच्या रंग जुळवण्याच्या कार्डावर वर्षानुवर्षे गोऱ्या बाईचाच चेहरा असे. तिला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. सावळ्या मुलीचा तिच्याच रंगाचा, डोळे स्पष्ट दिसणारा फोटो देणे ही आपली भूमिका असली पाहिजे. आणि फोटोसाठी घरच्यांना बोलावताना विधवा आई, टाकलेली बहीण मागे राहते. कॅमेरा आपल्या हाती असेल तर तिला नावाने पुढे बोलवा.

दुसरी गोष्ट पुराव्याची. पोटगीच्या दाव्यात नवरा सरळ म्हणतो, लग्न झालेच नाही. पूर्वी हा दावा कलम 125 खाली होई, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. एकट्या फोटोने लग्न सिद्ध होत नाही. पण पत्रिका, साक्षीदार आणि विवाहनोंदणीबरोबर तो बाईच्या बाजूने उभा राहतो. म्हणून सजवलेल्या फोटोंआधी विधींचे फोटो काढा: अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी. दोघांचे चेहरे ओळखू यावेत, साक्षीदारही दिसावेत. मूळ फाइल न छाटता जपून ठेवा आणि एक प्रत नवरीच्या हाती द्या. अल्बम सासरच्या कपाटात अडकतो, हे आपण सगळ्याजणी जाणतो. नोंदणीची आठवणही तिला तेव्हाच करा.

नवरी 18 वर्षांच्या आतली असेल तर ती ऑर्डर घ्यायची नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात असे लग्न लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 1098 वर कळवा. हातची कमाई जाईल, हे खरे आहे. ती झळ एकटीने सोसू नये म्हणून गट करून काम घ्या.

गटाचा हिशेबही चोख ठेवा. उन्हात तासन्‌तास फ्लॅश धरणारी बाई ही मदतनीस म्हणून फुकट राबायला आलेली नाही. तिची मजुरी बिलात वेगळी लिहा आणि कामे आलटून-पालटून करा. आज जी काठी धरते तिने पुढच्या लग्नात कॅमेरा धरलाच पाहिजे.