लोणारचे तळे

सुगी आटोपली की आपल्या वर्गातली माणसे लोणारला निघणार आहेत. जाण्याआधी त्या तळ्याविषयी चार गोष्टी सांगून ठेवतो. नुसते बघून आलो आणि समजले काहीच नाही, असे व्हायला नको.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. जालन्याकडून गेले तर वाटेत सिंदखेडराजा लागते. ते जिजाऊंचे माहेर. तिथे माथा टेकून पुढे जायचे.

गावाजवळ पोचलो तरी तळे दिसत नाही. सपाट रान, शेते, आणि एकदम पायापुढे हा मोठा खड्डा! त्याचे तोंड सुमारे १.८ किलोमीटर रुंद. पाणी काठापासून सुमारे १४० मीटर खाली. म्हणजे साडेचारशे फूट, बरं का! आपली विहीर ५० फुटांची असली तरी आपण वाकून बघायला भितो. उतारावर दाट झाडी आहे. मोर आहेत, वानरे आहेत.

हा खड्डा खणला कोणी? जुनी माणसे सांगतात, लवणासुर नावाचा दैत्य इथे राहत होता. विष्णूने त्याला मारले. त्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर लोणार गावात आहे. तिथले दगडातले कोरीव काम निवांत बघा, घाई करू नका. शास्त्रज्ञ सांगतात, आभाळातून मोठी उल्का येऊन इथे आदळली. फार मोठ्या तडाख्यानेच होतात असे काचेसारखे खडे इथे सापडले, त्यावरून हे कळले. कधी आदळली? आधी ५० हजार वर्षे म्हणत. पुढे नवा हिशेब निघाला, तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचा.

आता पाण्याचे बघा. ते खारट आहे. बोटांना साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत लागते. काठाशी कुजकट वासही येतो. आणि गंमत अशी, की वरून गोमुखाची धार पडते ती गोडी! मग गोड्या पाण्याचे खारे कसे झाले?

आपल्या बायकांना हे चटकन कळेल. कढईत मिठाचे पाणी आटवले तर खाली काय उरते? मीठच ना? लोणारची तीच गत. झऱ्याचे पाणी येते, पावसाचे येते. पण बाहेर जायला ना नदी, ना ओढा. पाणी फक्त उन्हाने आटते. बरोबर आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे ही कढई उन्हावर आहे. धुण्याचा सोडा असतो ना, त्याच जातीचा खार इथे आहे. काच आणि साबण करायला इथला खार उपयोगी पडतो, हे अकबर बादशहाच्या काळातल्या आइने-अकबरीतही लिहिले आहे.

२०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले. लोक घाबरले. कोणी शकुन काढले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे बारीक जीव फोफावले होते. रंग त्यांचा.

पण क्षार राहतात तसे बाकीचेही राहते, मंडळी. धारेवर लोक साबण लावून अंघोळी करीत, कपडे धूत. तो साबण खाली तळ्यात. शेतातले खत, औषध वाहून आले तर तेही तळ्यात. गावचे सांडपाणीही जाई. नदीतली घाण निदान पुढे वाहते. इथे पुढे जायला जागाच नाही. तळे वाचवा म्हणून नागपूरला उच्च न्यायालयात खटला चालला. २००० साली अभयारण्य झाले. २०२० साली जगातल्या जपायच्या पाणथळ जागांच्या यादीत, म्हणजे रामसर यादीत, लोणारचे नाव लागले. एवढे सगळे झाले, तरी आपल्या पिशवीतला साबण काही कोर्ट तपासायला येत नाही. तो आपण घरीच ठेवायचा. निर्माल्यही पाण्यात टाकायचे नाही.

खाली कमळजादेवीचे देऊळ आहे. जवळच सासू-सुनेची विहीर. तिचे अर्धे पाणी गोड आणि अर्धे खारे, असे सांगतात. गोड कोणाचे, हे मी बोलत नाही! तळ्याचे पाणी चढले असेल तर देवीला लांबूनच हात जोडू.

वाट दगडांची आहे. पायात घट्ट वहाणा घाला. प्यायचे पाणी बरोबर घ्या. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम लागतो, म्हणून सकाळीच उतरू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरच थांबावे. काठावरून तळे सगळे दिसते.