सातबारा, ऑब्जेक्ट आणि फाइल

प्रोग्रॅममध्ये मुळात दोनच गोष्टी असतात: माहिती, आणि त्या माहितीवर करायचे काम. या दोहोंची मांडणी कशी करायची, याच्या विचारपद्धतीला प्रोग्रॅमिंग पॅराडाइम म्हणतात. पॅराडाइम म्हणजे भाषा नव्हे. पायथॉनसारख्या एकाच भाषेत वेगवेगळ्या पद्धतींनी प्रोग्रॅम लिहिता येतो आणि सगळ्यांचे उत्तर एकच येते. फरक पडतो तो प्रोग्रॅम वाढू लागला, त्यात बदल करायची वेळ आली, की.

हा फरक समजून घ्यायला गावाच्या जमिनीचे दप्तर फार उपयोगी आहे. भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके आहेत आणि खरिपाचे मुख्य पीक धान. पवनी तालुक्यातील एखाद्या गावात यंदा धानाखाली किती क्षेत्र आहे, एवढाच प्रश्न आहे असे धरू. पिकांच्या नोंदी सातबाऱ्यातील गाव नमुना बारामध्ये असतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून त्या नोंदवू लागले.

पहिली पद्धत प्रोसिजरल. बेरीज शून्य धरायची, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जायचे, पीक धान असेल तर क्षेत्र बेरजेत मिळवायचे. क्रमाने आज्ञा देण्याची ही रीत १९५७ च्या फोरट्रानमध्ये होती; पुढे १९७२ च्या सुमारास आलेल्या सी भाषेने ती घरोघरी पोहोचवली. दुसरी पद्धत फंक्शनल. तिचे मूळ १९५८ च्या लिस्प भाषेत आहे. या पद्धतीत एकही चल राशी मध्येच बदलली जात नाही. सगळ्या नोंदी एका फंक्शनमधून गाळून घ्यायच्या, उरलेल्यांचे क्षेत्र काढायचे आणि बेरीज करायची. तिसरी पद्धत डिक्लरेटिव्ह. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘धान पिकाच्या क्षेत्राची बेरीज द्या’ एवढेच सांगायचे. ती कशी करायची हे डेटाबेस ठरवतो.

एवढ्या लहान प्रश्नाला तिन्ही पद्धती पुरतात. पण गावात जमीन विकली जाते, वारस लागतात, पोटहिस्से पडतात. माहिती एकीकडे आणि तिला हात लावणारी शंभर फंक्शने दुसरीकडे असली, की मालकाचे नाव कुठून कोणी बदलले हे शोधणे अवघड होते. या अडचणीवर उत्तर म्हणून ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत रुजली. तिचा आरंभ नॉर्वेत झाला. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली. त्या कामासाठी त्यांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. सिम्युलाचा अनुभव असलेल्या बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेत क्लासची भर घालायला सुरुवात केली. त्यातून सी प्लस प्लस आली. पायथॉन १९९१ मध्ये आणि जावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

क्लास म्हणजे आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यानुसार तयार झालेली एकेक वस्तू. सातबाऱ्याचा कोरा नमुना हा क्लास. त्यात गट क्रमांक, भोगवटादार, क्षेत्र, आकारणी यांच्या जागा ठरलेल्या असतात. एका विशिष्ट गटाचा भरलेला सातबारा हा ऑब्जेक्ट. गावात जितके गट, तितके ऑब्जेक्ट. क्लास मात्र एकच.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचे पहिले तत्त्व एन्कॅप्सुलेशनचे. माहिती आणि ती बदलण्याची रीत एकत्र बांधायची आणि बाहेरच्याला माहितीला थेट हात लावू द्यायचा नाही. सातबाऱ्यावरचे नाव कोणालाही खोडून नवे लिहिता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. जुन्या नावाला कंस होतो आणि फेरफार क्रमांक शेजारी राहतो. प्रोग्रॅममध्येही ‘भोगवटादार’ हे चल प्रायव्हेट ठेवायचे आणि ते बदलण्यासाठी ‘फेरफार’ ही एकच मेथड ठेवायची. मुदत संपली का, नोंद प्रमाणित आहे का, ही तपासणी त्या मेथडच्या आतच होते. चूक झाली तर ती शोधायला एकच जागा उरते. या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ तो हाच.

दुसरे तत्त्व ॲब्स्ट्रॅक्शनचे. आठ-अ हा खात्याचा उतारा मागणाऱ्याला आपल्या खात्याचे एकूण क्षेत्र हवे असते; ते कोणकोणत्या गटांतून गोळा झाले, ती बेरीज त्याला करावी लागत नाही. वापरणाऱ्यासमोर गरजेपुरतेच ठेवायचे आणि आतली खटपट झाकायची.

तिसरे इनहेरिटन्स आणि चौथे पॉलिमॉर्फिझम. भोगवटादार वर्ग १ ची जमीन विकायला सहसा आगाऊ परवानगी लागत नाही, वर्ग २ च्या जमिनीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘जमीन’ या मूळ क्लासमधून दोन उपक्लास काढले, की क्षेत्र, आकारणी या समान गोष्टी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत, तो इनहेरिटन्स. दोघांनाही ‘हस्तांतर कर’ हीच आज्ञा दिली आणि प्रत्येकाने आपापल्या नियमाने ती पाळली, तर तो पॉलिमॉर्फिझम.

येथे विद्यार्थ्यांनी सावध राहावे. नियमानुसार रक्कम भरून वर्ग २ ची जमीन वर्ग १ होऊ शकते. पण जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही. म्हणून जे आयुष्यभर टिकते तेवढ्यासाठीच इनहेरिटन्स वापरावा. धारणेचा प्रकार, म्हणजे वर्ग १ की वर्ग २, हा स्वतंत्र ऑब्जेक्ट करून जमिनीच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवणे अधिक शहाणपणाचे. या रचनेला कॉम्पोझिशन म्हणतात.

हे सर्व ऑब्जेक्ट संगणकाच्या मेमरीत राहतात आणि प्रोग्रॅम संपला की नाहीसे होतात. ते टिकवण्यासाठी फाइल लागते. फाइल उघडायची, वाचायची किंवा लिहायची आणि बंद करायची, हा क्रम सर्व भाषांत सारखाच. उघडताना हेतू सांगावा लागतो. पायथॉनमध्ये ‘आर’ म्हणजे वाचणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे आधीचा सर्व मजकूर पुसून नव्याने लिहिणे आणि ‘ए’ म्हणजे शेवटी भर घालणे. फेरफाराच्या नोंदी ‘ए’ने लिहाव्यात: जुनी नोंद कायम राहते, नवी तिच्याखाली येते आणि पहिल्या नोंदीपासून क्रमाने वाचत गेल्यास आजचा सातबारा पुन्हा उभा करता येतो. तेथे चुकून ‘डब्ल्यू’ लिहिले, तर सारा इतिहास एका क्षणात जातो.

मजकुराच्या फाइलमधून आलेली प्रत्येक गोष्ट आधी मजकूरच असते. ०.४० आणि ०.६० हेक्टर या नोंदी तशाच जोडल्या तर १ हेक्टर मिळत नाही, दोन मजकूर एकापुढे एक चिकटतात. आधी त्यांची संख्या करावी लागते. दशांश अपूर्णांकांत संगणकाकडून सूक्ष्म फरक पडतो, म्हणून क्षेत्र चौरस मीटरमध्ये पूर्णांकात ठेवणे उत्तम, ०.४० हेक्टर म्हणजे ४००० चौरस मीटर.

मराठी मजकुराला आणखी एक काळजी लागते. ‘भंडारा’ हा शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा आहे: भ, अनुस्वार, ड, काना, र, काना. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे हा शब्द १८ बाइटचा. फाइल उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगितले नाही, तर काही संगणकांवर जुनी संकेतपद्धती गृहीत धरली जाते आणि अक्षरांऐवजी खुणांची गिचमीड दिसते.

शेवटची बाब सुरक्षिततेची. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो काही काळ बफरमध्ये थांबतो आणि फाइल बंद केल्यावर पुढे जातो. पायथॉनमधील ‘विथ’ हा शब्द मध्येच चूक झाली तरी फाइल बंद करतो, म्हणून तोच वापरावा. फाइल सापडली नाही किंवा परवानगी नसली, तर काय करायचे हेही प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावे. संपूर्ण दप्तर पुन्हा लिहायचे असेल, तर ते तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावे, तपासावे आणि मगच तिला मूळ नाव द्यावे. लिहिता लिहिता वीज गेली, तरी जुने दप्तर शाबूत राहते.