विद्यार्थ्याचा प्रयोग आणि दूरचे स्वयंसेवक



दिवाळीची सुटी संपली की वसई, नालासोपारा, विरार परिसरातील शाळांमधून विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागतात. एके काळी प्रदर्शन म्हणजे थर्माकोलचा ज्वालामुखी अथवा पुठ्ठ्याची पवनचक्की, असे समीकरण होते. आता विद्यार्थी प्रतिकृतीवर समाधान मानीत नाहीत, ते प्रश्न विचारतात. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेबरोबर कृतिसंशोधन प्रकल्पाचाही टप्पा असतो. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा भरही मुलांनी स्वतः शोध घेण्यावरच होता.

प्रश्न जेव्हा झोप, स्मरण, दृष्टी यांसारख्या मानवी गोष्टींविषयी असतो, तेव्हा प्रयोगाला माणसे लागतात. नववीतील मुलीने शंभर माणसे आणावीत कोठून? उत्तर सोपे वाटते. भ्रमणध्वनीवरून आवाहन पाठवावे, दूरदूरचे स्वयंसेवक मिळतात. तथापि माणसे मिळणे आणि सत्य मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळकरी मुलाच्या प्रयोगाला किती मोल येऊ शकते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील एमिली रोझा हिचे आहे. शरीराला स्पर्श न करता हातांनी रुग्णाची ‘ऊर्जा’ जाणवते, असा दावा करणारे काही उपचारक तेथे होते. नऊ वर्षांच्या एमिलीने १९९६ साली शाळेच्या विज्ञान मेळ्यासाठी एक साधा पडदा उभारला. उपचारकाने पडद्यातील छिद्रांतून दोन्ही हात पुढे करावेत, एमिलीने नाणे उडवून त्यांपैकी एकावर आपला हात धरावा आणि कोणत्या हातावर तो आहे हे उपचारकाने सांगावे, एवढाच प्रयोग. एकवीस उपचारक स्वखुशीने सहभागी झाले. २८० वेळा प्रश्न विचारला गेला व १२३ वेळा, म्हणजे शेकडा ४४ वेळा, उत्तर बरोबर आले. डोळे झाकून अंदाज केला असता तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती! १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. स्वयंसेवक केवळ एकवीस होते, परंतु प्रयोगाची मांडणी चोख होती.

महाजालावरील स्वयंसेवकांची शक्तीही थोर आहे. २००७ साली ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमाने आकाशगंगांची सुमारे दहा लाख चित्रे सर्वसामान्यांपुढे वर्गीकरणासाठी ठेवली. एकच चित्र अनेकांना दाखवीत, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याकडून सावरली जाई. त्यातूनच हानी वान आर्केल या डच शिक्षिकेला एक अनोखी खगोलीय वस्तू सापडली. आपल्याकडे डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली ‘रॅड अ‍ॅट होम’ हा उपक्रम आरंभिला. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिने टिपलेली माहिती घरबसल्या पारखण्याचे शिक्षण त्यांनी महाजालावरून विद्यार्थ्यांना दिले. आधी प्रशिक्षण आणि मग काम, हा त्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आता दुसरी बाजू. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ती परीक्षा खरी ठरते, कारण एकाच पातेल्यातील भात सारखा शिजलेला असतो. समाज मात्र सारखा शिजलेला नसतो. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने निवडणुकीच्या अंदाजासाठी सुमारे एक कोटी पत्रे धाडली. तेवीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत वर्तविले गेले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते बहुतांशी दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांचे होते, आणि त्यांतूनही ज्यांना उत्साह होता त्यांनीच उत्तर दिले. तेवीस लाखांच्या संख्येनेही ही चूक धुऊन निघाली नाही. मीटरपट्टीच आखूड असेल, तर हजार गिऱ्हाइकांना मोजून दिले म्हणून माप पुरे होत नाही. कुटुंबाच्या वा सोसायटीच्या गटातून फिरणाऱ्या प्रश्नावलीचीही हीच गत आहे.

एक उदाहरण घेऊ. पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्या माणसाची प्रतिक्रिया मंदावते काय, हे एखाद्या विद्यार्थिनीला तपासावयाचे आहे, असे समजा. प्रयोगाला तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने पट्टी उभी धरावी, स्वयंसेवकाने तिच्या शून्याशी अंगठा व तर्जनी उघडी ठेवावीत, पट्टी अवचित सुटताच पकडावी व किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहावे. वीस सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचा सुमारे पाचवा भाग. पट्टी सर्वत्र एकाच गतीने पडते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील खेळ मात्र प्रत्येक यंत्रावर कमी-अधिक विलंबाने चालतो. म्हणून दूरच्या स्वयंसेवकांसाठी पट्टीच अधिक विश्वासाची.

पहिला प्रयत्न सरावाचा समजून सोडावा, पुढील पाच लिहावेत व त्यांतील मधली संख्या धरावी. आवाहनात अपेक्षित उत्तर सुचवू नये, अन्यथा सद्भावनेने का होईना, माणसे तेच देतात. किती जणांना विचारले व किती जणांनी उत्तर दिले, हे दोन्ही आकडे फलकावर मांडावेत. केवळ योगायोगाने येणारी चूक निम्मी करावयाची तर माणसे चौपट लागतात, पंचवीसची शंभर. मात्र निवड एकांगी असेल, तर शंभराची हजार करूनही उपयोग नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न संमतीचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात मूल सहभागी होत असेल, तर पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांपुढील त्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी मेळ्यात माणसांवरील प्रयोगाला काम सुरू करण्यापूर्वीच समितीची मान्यता लागते. मागाहून मिळविलेली चालत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळेचा प्रकल्प लहान असला तरी तत्त्व मोठे आहे. प्रयोग कशाचा आहे ते आधी सांगावे, नाव व दूरध्वनी क्रमांक मागू नयेत, वयाचा गट पुरे. आणि मध्येच माघार घेण्याची मुभा असावी. आवाहनावर मुलाचा नव्हे, तर शिक्षकांचा वा शाळेचा संपर्क द्यावा. अनोळखी माणसांशी मुलाने एकट्याने पत्रव्यवहार करू नये, हे पालकांनी पाहावे.

मुलांना नियम सांगितले, आता थोडे वडीलधाऱ्यांविषयी. “पोराचे काम आहे, भरून टाक” म्हणत एकच काका दहा जणांच्या नावे दहा पत्रके भरतात. पट्टी हातात न धरताच मावशी आकडे कळवितात. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आलेख सुबक दिसावा म्हणून वडीलच दोन आकडे बदलतात. यात मुलाला बक्षीस कदाचित मिळेलही. परंतु सत्य हे जुळवून आणता येते, एवढा एकच धडा तो आयुष्यभरासाठी घरातून घेऊन जातो. उलट पहाटेच्या लोकलने काही फरक पडत नाही, असे उत्तर आले आणि ते तसेच फलकावर लिहिले, तर तो प्रयोग फसलेला नसतो. तेही ज्ञानच होय.

म्हणून एखाद्या अपरिचित विद्यार्थ्याचे आवाहन आपल्यापर्यंत पोहोचले, तर प्रथम त्यावरील शाळेचे नाव पाहावे आणि शंका असल्यास शाळेकडे चौकशी करावी. खात्री पटल्यावर पाच मिनिटे काढावीत, पट्टी खरोखर हातात घ्यावी व जो आकडा येईल तोच लिहावा. वेळ नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. खोट्या होकारापेक्षा खरा नकार विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडतो.